पिवळं कूपन, गुलाबी कूपन: अमरावती ते अकोला, तीन दिवस

जायचं ठरलं ते फोनवरच्या भांडणात.

नलिनी आणि मी अमरावतीला एकाच हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहून अर्थशास्त्रात एम.ए. केलं. पुढे ती बँकेत लागली, अकोल्याची झाली आणि अधिकारी म्हणून निवृत्त झाली. मी अमरावतीतच राहिले आणि अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवत राहिले. आता ती अकोल्याच्या एका महिला मंडळाची अध्यक्ष आहे आणि मी अमरावतीच्या एका मंडळाची. दोन्ही मंडळांचा मिळून दर हिवाळ्यात एक मेळावा होतो, एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. सकाळी खाण्याचे स्टॉल, दुपारी वादविवाद. यंदा पाळी अकोल्याची, म्हणून विषयही त्यांचाच.

"विषय लिहून घे," नलिनी म्हणाली. "शेजारी देशांचं चलन एक असावं. मी बाजूनं बोलीन. तू विरोधात."

"मी विरोधात हे कोणी ठरवलं?"

"ठरवाले कायले पायजे? चाळीस वर्षांत तू एका तरी गोष्टीच्या बाजूनं बोलली का, सांग मले."

मी फोन ठेवला. मग पुन्हा लावला आणि हो म्हटलं.

विषय देशांचा असला तरी खरा प्रश्न घरचा होता, आणि तो दोन्ही मंडळांत सगळ्यांना माहीत होता. अकोल्याच्या बसस्थानकाजवळ एक लहानसा गाळा भाड्याने मिळत होता. दोन्ही मंडळांनी भाडं अर्धं अर्धं भरायचं आणि आमच्या शीलाने तिथे गिला वडा विकायचा, असा बेत होता. ज्यांना हा पदार्थ माहीत नाही त्यांच्यासाठी: डाळीचा वडा पाण्यात भिजवून मऊ करतात, वर घट्ट दही आणि लसणाची झणझणीत चटणी घालतात. अमरावतीला येऊन तो न खाता जाऊ नये. तर, आमच्या सभासद बायका महिन्याभराच्या खाण्याची कूपनं मंडळाकडून आधीच विकत घेतात आणि त्याच पैशांतून भाडं निघायचं होतं. नलिनीची अट अशी की ही कूपनं दोन्ही मंडळांची मिळून एकच असावीत. एक गाळा, एक कूपन. मेळाव्यात सकाळी कूपनांचा प्रयोग, दुपारी वादविवाद, मग हात वर करून मत. मत विरोधात गेलं तर गाळा नाही.

शीला माझी जुनी विद्यार्थिनी. अमरावतीत एका शाळेच्या फाटकाशी तिची गाडी लागते. तो रस्ता रुंद होणार आहे आणि महिनाअखेर तिला तिथून उठायचं होतं. म्हणजे मी वादविवाद जिंकले तर शीलाची पुढची जागा जाणार. हे मला वाटेत लक्षात आलं असं लिहिलं तर खोटं होईल, मला ते पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण जे मला पटत नाही ते मी व्यासपीठावरून बोलत नाही, आणि शीलानेही मला तसं कधी सुचवलं नाही.

शनिवार

अमरावतीच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून अकोल्याच्या गाड्या सतत सुटतात. आरक्षणाच्या भानगडीत पडू नका. बायकांना एसटीत अर्धं तिकीट असल्यामुळे माणशी शंभराच्या आत काम होतं. सकाळी आठच्या आत निघा म्हणजे ऊन चढायच्या आधी पोचता. बाकीच्या सभासद मागच्या गाड्यांनी येणार होत्या. आमच्या गाडीत आम्ही बारा जणी होतो, आणि तेरावं होतं शीलाचं पातेलं.

पातेल्यात रात्री भिजत घातलेली डाळ होती. वर ताट, ताटावर ओलं फडकं, फडक्यावर दोरी. शीलाने ते आपल्या शेजारच्या सीटवर ठेवलं. कंडक्टर आला आणि पातेल्याकडे बघत उभा राहिला.

"हे कोन बसलं इथं?"

"डाळ आहे दादा."

"सामानाचं तिकीट लागन."

"ते पण अर्धं न?" शीला म्हणाली. "उडदाची डाळ हाय. बाईमाणूसच झाली ते."

मी तीस वर्षं वर्गात हसले नाही अशी माझी ख्याती आहे. त्या गाडीत बडनेऱ्यापर्यंतचा वेळ माझा डोळे पुसण्यात गेला. कंडक्टरने शेवटी पातेलं मागच्या सीटखाली ठेवायला लावलं आणि तिकीट काही फाडलं नाही. बदल्यात वडा खायला अकोल्याला येतो म्हणाला.

बडनेरा सुटलं की रस्ता चौपदरी आणि गुळगुळीत आहे. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी, मध्ये तुरीचे पिवळे पट्टे, कुठे कुठे नुकता उगवलेला हरभरा. काळी माती या दिवसांत तडकत नाही, ओलसर दिसते. खिडकीशी बसायचं असेल तर डावीकडे बसू नका, सकाळचं ऊन तिकडून येतं.

मूर्तिजापूरला गाडी दहा मिनिटं थांबली. ज्यांना शकुंतला या जुन्या आगगाडीचा छोटा रूळ बघायचा असेल त्यांनी इथे उतरून पुढची गाडी धरावी, गाड्यांना तोटा नाही. आम्ही कँटीनचा चहा घेतला, साखर फार. इथेच आमच्या वादविवादाच्या परीक्षक वत्सलाबाई चढल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. मूर्तिजापूर अमरावती आणि अकोल्याच्या साधारण मध्ये पडतं, म्हणून दोन्ही मंडळांनी परीक्षक तिथलाच घ्यायचा असं ठरवून टाकलं आहे. गेली सहा वर्षं त्याच येतात.

"कोण जिंकणार यंदा?" मागून कोणीतरी विचारलं.

"मी चहा अमरावतीवाल्यांकडून घेतला," वत्सलाबाई म्हणाल्या. "आता जेवण अकोल्यात घेईन, मग सांगेन."

अकोल्यात जठारपेठेत नलिनीचं घर आहे. बाकीच्या जणी मेळाव्याच्या मंगल कार्यालयातच खोल्यांत उतरल्या, मी आणि शीला नलिनीकडे. दारातच नलिनीने मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"वाळली वो तू."

"तू नाही वाळलीस."

"अकोल्याचं पानी हाय."

संध्याकाळी जेवायला वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. जेवताना नलिनीने कूपनं दाखवली. अमरावतीची पिवळी, अकोल्याची गुलाबी. प्रत्येकाची किंमत तीस रुपये आणि एका कूपनाला एक प्लेट. पिवळं फक्त आमच्या स्टॉलवर चालणार, गुलाबी फक्त त्यांच्या. दोन्ही आपापल्या गावात आठवडाभर आधीच विकून झाली होती आणि मेळाव्यात रोख पैसा अजिबात चालणार नव्हता. कोणाला बदलून हवं असेल तर दारातल्या टेबलावर एकास एक बदलून मिळणार.

"एकास एकच का?" मी विचारलं.

"मंग काय? अमरावतीचं कूपन जड आन् अकोल्याचं हलकं? दोन्ही गावांचा मान सारखा."

मला तिथेच बोलायला हवं होतं. दर मानावर ठरत नाही, मागणीवर ठरतो, हे मी हजार मुलांना शिकवलं. पण ठेचा फार चांगला झाला होता आणि मी गप्प बसले.

रविवार

पहाटे पाचला शीला आणि मी नलिनीच्या मिक्सरवर डाळ वाटायला बसलो. डाळ वाटून मग हाताने फेसायची असते, त्यात वेळ जातो. मी फेसत होते आणि शीला माझा हात बघत होती.

"मॅडम, एकाच बाजूनं फिरवा. उलटसुलट नका करू."

मी एकाच बाजूनं फिरवलं.

"तुमी आज चांगलं बोला," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. "माह्या गाळ्याचा इचार नका करू."

हे ऐकून मला विचार न करणं आणखी अवघड झालं.

दहाला मेळावा सुरू झाला. मंगल कार्यालयाच्या अंगणात दोन रांगा, एकीकडे आमचे चार स्टॉल, समोर त्यांचे सात. त्यांचा मुख्य पदार्थ कचोरी-कढी. कचोरी गरम, कढी आंबटगोड, वर तळलेली मिरची. मी खाऊन पाहिली आहे आणि तिच्यात काहीही कमी नाही. पण आलेल्या बायका बहुतेक अकोल्याच्या, कचोरी त्या रोज खातात. सगळ्यांना गिला वडा हवा होता आणि सगळ्यांच्या हातात गुलाबी कूपनं.

बदलीच्या टेबलावर नलिनी स्वतः बसली होती, चष्मा नाकावर, बँकेत बसावी तशी. पहिल्या अर्ध्या तासात तिच्याकडची पिवळी संपली. तिने पाटी लावली: पिवळं शिल्लक नाही.

मग मजा सुरू झाली.

आमच्या मंडळाच्या एका बाईंजवळ चार पिवळी होती. एका अकोलेकर बाईने त्यांना गाठलं. "ताई, एक पिवळं द्या न. दोन गुलाबी देतो."

आमच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, डोळे मात्र मोठे केले असावेत. त्यांनी दिलं. पाच मिनिटांत साऱ्या अंगणात बातमी झाली: एका पिवळ्याला दोन गुलाबी. अकराला तीन झाले. एक जण चारही म्हणाली, पण तिला सगळ्यांनी वेड्यात काढलं.

आणि हे बघा, इथे मी माझी वही काढली, कारण पुढचं मी आयुष्यभर फळ्यावर काढलं होतं आणि कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. ज्या आमच्या बायकांनी पिवळी विकून गुलाबी घेतली, त्यांना एका पिवळ्याच्या बदल्यात तीन तीन प्लेट कचोरी मिळायला लागली. मग काय. अमरावतीच्या बायका कचोरीच्या स्टॉलवर तुटून पडल्या. सकाळपासून माशा हाकणाऱ्या अकोल्याच्या स्टॉलवर रांग लागली, कढी दुसऱ्यांदा उकळायला ठेवली. चलन पडलं आणि माल खपायला लागला. शेजारी देशात नेमकं हेच होतं. त्याचं चलन घसरतं, त्याचा माल आपल्याला स्वस्त पडतो, आपण तो घेतो, आणि तो देश सावरतो. मी कढीच्या पातेल्यासमोर उभी राहून एकटीच हसत होते. वत्सलाबाईंनी मला पाणी आणून दिलं.

नलिनीला मात्र हे बघवेना. ती टेबलावरून उठून माझ्याकडे आली.

"अकोल्याचं कूपन काय फाटकं हाय काय? तीन देऊन राहिले एकाले."

"फाटकं नाही. पडलं आहे. पडू दे, तुमचीच कचोरी खपतेय."

"मले नको ते खपनं. इज्जतीचा प्रश्न हाय." आणि तिने माइक घेतला. "बहिनींनो, ऐका. आतापासून दोन्ही कूपनं एकच समजायची. कोनतंही कूपन, कोनत्याही स्टॉलवर, एकास एक."

टाळ्या पडल्या. नलिनीने विजयाने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल की वादविवाद सुरू व्हायच्या आधीच संपला.

दहा मिनिटांत कचोरीचा स्टॉल ओस पडला. साऱ्या रांगा वळून शीलाच्या समोर आल्या. ती तळत होती, भिजवत होती, दही घालत होती, आणि रांग कार्यालयाच्या फाटकाबाहेर गेली होती. कंडक्टर खरोखर आला होता, तोही रांगेत होता. साडेबाराला शीलाने पातेलं कलतं करून तळाचं पीठ खरवडलं. एक वाजता संपलं.

"संपलं म्हणजे?" रांगेतली एक जण कूपन वर धरून म्हणाली. "हे काय करू मंग? पैसे भरले आमी."

"डाळ नाही बाई."

"मंग भिजव न आणखी."

"भिजवतो," शीला म्हणाली. "उद्या पहाटे पाचले या."

हशा पिकला, पण नलिनी हसली नाही. समोर सात स्टॉलवर कचोऱ्या थंड होत होत्या, कढीवर साय धरत होती, आणि साठ-सत्तर बायका हातात कूपनं घेऊन उभ्या होत्या. कचोरी घ्या म्हटलं तर म्हणत, ते तर रोजचीच हाय. तासाभरापूर्वी त्याच कचोरीसाठी रांग होती.

दुपारचा वादविवाद

ही पोस्ट प्रवासाची असली तरी वादविवाद लिहिल्याशिवाय सुटका नाही. अकोल्याला जाणाऱ्यांनी हा भाग वगळला तरी चालेल, पण वगळू नये.

नलिनी आधी बोलली आणि चांगली बोलली. ती मुलाबरोबर भूतानला जाऊन आली आहे. तिथे आपली नोट कशी बिनदिक्कत चालते, दुकानदार गोड हसून घेतो, बदलायची कटकट नाही, दलाल नाही, फसवणूक नाही. युरोपात एक बाई सकाळी एका देशात भाजी घेते आणि संध्याकाळी दुसऱ्या देशात दूध, त्याच नाण्यांनी. आपण सगळे शेजारी एकच भात खातो, एकच चहा पितो, मग पैसा तेवढा वेगळा का? "सकाळी तीन देऊन एक घ्यावं लागलं तेव्हा मले जे वाटलं," ती म्हणाली, "ते कोनत्याच शेजाऱ्याले वाटू नये." टाळ्या खूप पडल्या. माझ्याही दोन होत्या.

माझी पाळी आली. पहिल्याच रांगेत शीला बसली होती, हाताला अजून पीठ लागलेलं.

मी भाषण बाजूला ठेवलं आणि सकाळ सांगितली. भूतानचा पैसा आपल्या रुपयाला एकास एक बांधलेला आहे हे खरं, पण आपला रुपया आपण छापतो, ते नाही, आणि तो कमी पडला की त्यांना आपल्या दाराशी यावं लागतं. नलिनीच्या टेबलावरची पिवळी संपली तशी. युरोपातल्या एका गरीब देशाचा माल महाग पडायला लागला तेव्हा त्याला स्वतःचं चलन पाडता आलं नाही, कारण स्वतःचं चलनच उरलं नव्हतं. मग पगार कापले, निवृत्तिवेतनं कापली. "अकोल्याची कचोरी," मी म्हटलं, "अकराला खपत होती आणि साडेबाराला थंड पडली. मधल्या वेळात कचोरीत काय बिघडलं? काही नाही. आपण दोन कूपनांचं एक केलं, एवढंच. कूपन एक करायला नलिनीताईंना एक मिनिट लागलं. डाळ भिजायला रात्र लागते."

इथे मला हसू फुटलं. व्यासपीठावर, माइकसमोर. मला त्या सायीच्या कढीचं तोंड आठवलं आणि मी थांबूच शकले नाही. सभागृहही हसलं, मग नलिनीही, नाइलाजाने. कोणीतरी ओरडलं, "मॅडम, पानी प्या."

वत्सलाबाईंनी निकाल दिला. "विरोधी बाजू जिंकली. बाजूने बोलणाऱ्यांचं भूतान मला आवडलं, पण मी मघापासून दोन कूपनं घेऊन बसले आहे आणि माझ्या पोटात काही नाही."

आणि मग मतदान. नलिनी उभी राहिली. तिचा आवाज बारीक झाला होता. "दोन्ही मंडळांचं एक कूपन आणि एक गाळा. ज्यांना मान्य, त्यांनी हात वर करावा."

एकही हात वर आला नाही. अकोल्याचासुद्धा नाही. मी इतकं चांगलं बोलले होते.

मी शीलाकडे पाहिलं नाही. पाहायचं धैर्य नव्हतं. मी माझ्या वहीकडे पाहत होते, आणि त्या वहीत सकाळचा भाव लिहिला होता, एकास तीन, त्याखाली मी आनंदाने दोन रेघा मारल्या होत्या.

"मले बोलाचं हाय," शीला म्हणाली.

ती जागेवरच उभी राहिली. माइक कोणी दिला नाही आणि तिने मागितलाही नाही.

"कूपन एक करा का दोन ठेवा, ते तुमचं तुमी पाहा. मले त्याच्यात काही कळत नाही. मले गाळा पायजे. मी दोन्ही कूपनं घेईन. रोख घेईन. फोनवरून घेईन."

"हिशोब कसा ठेवशील दोन दोन कूपनांचा?" नलिनीने विचारलं.

"दोन डबे ठेवीन. भाडं तुमी आपापल्या कूपनातून अर्धं अर्धं भरा. त्याच्यासाठी एक कूपन कायले लागते?"

दोन अर्थशास्त्राच्या एम.ए. बसल्या होत्या आणि हे आमच्यापैकी एकीलाही सुचलं नव्हतं.

"फक्त एक," शीला पुढे म्हणाली. "भाव मी ठरवीन. तुमी छापलेला तीसचा नाही. गर्दी झाली तर वाढवीन, पीठ उरलं तर उतरवीन. आज मले वाढवता आला असता तर रांग इतकी झालीच नसती, आन् समोरच्या ताईची कचोरीही गेली असती."

"आणि गुलाबीचा भाव पाडशील?" मागून अकोल्याच्या एका बाईने विचारलं. आवाजात सकाळचा राग होता.

"कायले? गाळा अकोल्यात हाय. गुलाबी कूपन मी संध्याकाळी तुमच्याच मंडळात मोडीन. पिवळं घेऊन अमरावतीले पोचेपर्यंत तिथलं मंडळ बंद झालं रायते." शीलाने जरा विचार केला. "गुलाबीवाल्याले एक पळी दही जास्त देईन."

अकोल्याच्या बाकांवर असा गोंगाट झाला की वत्सलाबाईंना टेबल वाजवावं लागलं. नलिनीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अट मागे घेतो मी," ती म्हणाली. "गाळा ज्यांना मान्य, त्यांनी हात वर करावा."

हात मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती. वत्सलाबाईंनी परीक्षक असूनही दोन्ही हात वर केले होते.

उरलेल्या सगळ्या कचोऱ्या शीलाने आमच्या मंडळाच्या बायकांना अर्ध्या कूपनात मिळवून दिल्या. कूपन मधोमध फाडून. ते नियमात बसत नव्हतं.

सोमवार

सकाळी नलिनीने आम्हाला असदगड दाखवला. गावातच आहे, चढ फार नाही, अर्धा तास पुरतो. पायात बूट घाला, वर खडे आहेत. तिथून गाळा बघायला गेलो. आठ फूट बाय सहा, समोर पिंपळाची सावली, पाण्याचा नळ शेजारी, बसस्थानकाचं फाटक पन्नास पावलांवर. शीलाने आत जाऊन हात दोन्ही भिंतींना लावून पाहिले. मग कढई कुठे आणि दही कुठे हे पायानेच जमिनीवर दाखवलं. नलिनी दाराशी उभी होती.

"मी हरली ते हरली," ती मला म्हणाली, "पन तू जिंकून काय केलं? पोरगी तर मारलीच होती तू."

"हो," मी म्हटलं.

"आता हो म्हनते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा."

परतीला दुपारची गाडी घेतली. बोरगावच्या पुढे ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर कापसाने भरून चालले होते, आमची गाडी त्यांच्या मागे रेंगाळत गेली, आणि कोणालाही घाई नव्हती. पातेलं रिकामं होतं. शीलाने त्यात अकोल्याहून घेतलेली मिरची भरली होती. यावेळी ते तिच्या मांडीवर बसून आलं.

तिघा-चौघांसाठी खर्च विचाराल तर येणं-जाणं, तीन दिवसांचं खाणं आणि गडावरचा ऑटो धरून माणशी हजारात आरामात होतं, राहायला ओळखीचं घर असेल तर. नसेल तर बसस्थानकाजवळ बरी हॉटेलं आहेत, खोली आधी बघून घ्या आणि गरम पाण्याचं विचारा.

घरी येऊन चार आठवडे झाले. मत बदललं का, असं मंडळातल्या दोघी-तिघींनी विचारलं. शेजारी देशांचं चलन एक असावं असं मला अजूनही वाटत नाही, आणि त्या रविवारी मी ते डोळ्यांनी पाहिलं. पण माझं भाषण बरोबर होतं आणि तेवढं पुरेसं नव्हतं, हेही पाहिलं. मी दोनच शक्यता मांडल्या, एक कूपन किंवा भिंत. सीमेवरचे दुकानदार तिसरी शक्यता रोज वापरत असतील, दोन गल्ले ठेवून, आणि त्यांना कोणी वादविवादाला बोलावत नाही. वहीतलं ते पान मी फाडलं नाही. एकास तीनच्या खाली एक पळी दही असं लिहून ठेवलं.

गाळा सुरू झाला आहे. शीला सकाळच्या सहाच्या गाडीने जाते, संध्याकाळी परत येते. कचोरीवाल्या ताईंनी शेजारी टेबल टाकलं आहे. काल रात्री जेवताना शीलाचा फोन आला.

"मॅडम, उद्यापासून प्लेट पस्तीसची करून राहिली."

"एकदम पाच रुपये?" मी म्हटलं. "थांब. मागणी किती घटते ते आधी आठवडाभर बघ, मग आपण बसून—"

"विचारून नाही राहिली मॅडम," शीला म्हणाली. "सांगून राहिली."